दुरून सांगणारा

आमच्या गावच्या घराला लांबलचक ओटी आहे आणि त्या ओटीच्या पूर्वेकडच्या टोकाला, खांबापाशी, एक जुनी आरामखुर्ची आहे. त्या खुर्चीला अलीकडे गावात भलतेच महत्त्व आले आहे. ते माझ्यामुळे नव्हे. महाड तालुक्यातल्या, डोंगराच्या कुशीतल्या आमच्या वाडीत मोबाइलची रेंज फक्त चार ठिकाणी मिळते: देवळामागचे टेकाड, शाळेची गच्ची, पाण्याच्या टाकीचा कट्टा आणि ही खुर्ची. टेकाडावर पावसात जाववत नाही, शाळेला कुलूप असते, आणि टाकीच्या कट्ट्यावर दिवेलागणीनंतर तरुण मंडळींचे राज्य असते. त्यामुळे पोक्त माणसांचे, बायकांचे आणि अडल्यानडल्यांचे सगळे बोलणे माझ्या ओटीवर होते. मास्तरकी सुटून बारा वर्षे झाली. लोक अजून ‘गुरुजी’ म्हणतात. पण खरे म्हणजे मी आता गावचा टेलिफोनवाला आहे. मुंबईच्या मुलाने पैसे पाठवले की नाही, लग्नाची तारीख कोणती धरली, म्हैस किती दूध देते, हे सारे माझ्या कानांवरून जाते. मी ऐकत नाही असे मी दाखवतो, आणि मी ऐकत नाही असे ते मानतात.

पण त्या खुर्चीवरून गेली काही वर्षे एका निराळ्याच प्रकारचे बोलणे होऊ लागले आहे. माझ्या धाकट्या भावाचा मुलगा पुण्याला डॉक्टर आहे. घरात त्याला बाळ म्हणतात, आणि चाळिशी आली तरी तो वाडीच्या लेखी बाळच आहे. कुणाच्या म्हाताऱ्याच्या छातीत कळ येते, कुणाचे पोर तापाने फणफणते, कुणाला गवत कापताना काही तरी चावते, की माणसे धावत ओटीवर येतात आणि म्हणतात, “गुरुजी, बाळला विचारा.” सरकारी भाषेत ह्याला दूरस्थ वैद्यकीय सल्ला म्हणतात. २०१९ पासून सरकारने ‘ई-संजीवनी’ नावाची त्याची व्यवस्थाही उभी केली आहे. आरोग्य केंद्रात पडद्यासमोर बसायचे आणि लांबच्या शहरातल्या डॉक्टरशी बोलायचे. आजवर तेथे कोट्यवधी सल्ले दिले-घेतले गेले. खरूज, खोकला, मधुमेहाच्या गोळ्या ह्यांसाठी ती मोठी सोय आहे आणि तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. मला पडलेला प्रश्न सोयीचा नाही. तो रात्रीचा आहे. पाऊस कोसळतो आहे, रस्ता तुटला आहे, माणूस हातातून चालला आहे, आणि ज्याला त्यातले कळते तो शंभर किलोमीटरांवर आहे. त्याने रोग्याला पाहिलेले नाही, शिवलेले नाही. अशा वेळी एखाद्याच्या जिवाबद्दल दुरून बोलण्याचा त्याला अधिकार काय? आणि बोलता येत असून न बोलण्याचा तरी अधिकार आहे काय?

हा प्रश्न मला पुस्तकात भेटला नाही. तो तीन वर्षांपूर्वीच्या जून महिन्यात, पहिल्या मोठ्या पावसाच्या संध्याकाळी, माझ्या ओटीवर चालत आला. चालत म्हणजे, बापाच्या खांद्यावरून. शेजारच्या आळीतली नऊ वर्षांची मुलगी. पडवीत रचलेले सरपण भिजू नये म्हणून आत टाकताना तिच्या बोटाला विंचू डसला होता. आमच्याकडे विंचवाचे नवल नाही. पण हा लाल विंचू होता, बापाने तो मारून कागदात गुंडाळून आणला होता. पोर ओरडत होती. बापाने मोटारसायकल काढली, तर बातमी आली की वळणावर दरड खाली आली आहे. झाडे, चिखल, धोंडे, सगळेच. आरोग्य केंद्र दरडीच्या पलीकडे. १०८ ची गाडी निघाली, पण ती पलीकडेच उभी राहणार.

मी फोन लावला. पहिल्यांदा बाळने तो उचलला नाही. दुसऱ्यांदा उचलला.

त्याने भराभर प्रश्न विचारायला सुरुवात केली. डसून किती वेळ झाला? उलटी झाली का? घाम येतो आहे का? हातपाय गार आहेत का? मी मुलीजवळ वाकलो. एव्हाना तिचे रडणे थांबले होते. मी तिच्या पावलाला हात लावला आणि फोनवर सांगितले, “अरे, आता रडायची थांबली आहे. पाय ठीक आहेत. घाम थोडा आहे, पण उकडतेच आहे ना.” पलीकडे बाळने श्वास सोडलेला मला ऐकू आला. तो म्हणाला, “मग सध्या थांबू. नुसतं दुखणं असेल तर भीती नाही. दर दहा मिनिटांनी मला सांगत राहा.”

असा अर्धा तास गेला. दर दहा मिनिटांनी मी सांगत राहिलो की ठीक आहे.

मग आमच्या वाडीची आशाताई आली. ती पलीकडच्या पाड्यावर गेलेली, ओढा ओलांडून गुडघ्यापर्यंत चिखलाने भरून आली. तिने माझ्याकडे पाहिले नाही. ती सरळ मुलीपाशी बसली, दोन्ही पावले तिने आपल्या हातांत धरली, पाठीवरून हात फिरवला, आणि उठून माझ्यासमोर हात पुढे केला. “गुरुजी, द्या इकडं फोन.” आणि फोनमध्ये म्हणाली, “डॉक्टरसाहेब, पाय गार आहेत. घोट्याच्या वरपर्यंत गार. घामानं झगा पिळून निघंल. दोनदा ओकली, ते आईनं फडक्यानं पुसलंय, कुणी सांगितलं नसंल तुम्हाला. दुखतं का विचारलं तर नाही म्हणते.”

बाळचा आवाज पालटला. तो मला ओटीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू येत होता.

त्या अर्ध्या तासाचा मी पुष्कळ विचार केला आहे. मी खोटे बोललो काय? कुणी तसे म्हटले असते तर मला राग आला असता. माझा हात पावसाने गार झालेला होता, त्या हाताला ती पावले गार वाटली नाहीत, असे मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगत होतो. पण ते काही पुरते खरे नाही. मुलीची आई समोर उभी होती आणि माझ्या तोंडाकडे पाहत होती. मला तिला धीर द्यायचा होता. मी बाळशी बोलतच नव्हतो; मी त्या आईशी बोलत होतो, आणि फोन नुसता कानाला होता. पोर रडायची थांबली हे मी चांगले लक्षण म्हणून सांगितले. पुढे कळले की लाल विंचवाच्या बाबतीत नुसत्या जागच्या जागी ठणकणाऱ्या वेदनेला डॉक्टर भीत नाहीत, आणि घामाने भिजलेले, गार पडलेले, गप्प झालेले मूल पाहिले की त्यांच्या पोटात गोळा येतो.

चरकाने चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. लहानपणी वडील हे सांगत तेव्हा परिचारकाला चौथ्या भागाचा मान का, हे मला उमगत नसे. पाणी गरम करणारा, पांघरूण घालणारा तो, त्याचे एवढे काय? चरकाने त्याच्याकडून सेवेचे ज्ञान, दक्षता, रोग्याविषयी माया आणि शुचिता ह्या गोष्टींची अपेक्षा केली आहे. माया माझ्यापाशी होती, भरपूर होती. तिनेच घात केला. वैद्य समोर असला की परिचारकाची चूक त्याच्या डोळ्यांपुढे होते आणि तेथल्या तेथे दुरुस्त होते. वैद्य दूर असला की परिचारक हाच त्याचा डोळा, हाच त्याचा हात. आणि डोळ्याने धन्याला बरे वाटावे म्हणून दुसरेच दाखवायला सुरुवात केली, तर धन्याने करायचे काय? आमची आशाताई दहावी नापास आहे. मी चौतीस वर्षे शिकवले. पण त्या रात्री ओटीवर साक्षीदार म्हणण्याजोगे माणूस एकच होते, आणि ते मी नव्हतो.

पुढले थोडक्यात सांगतो. दरडीच्या अलीकडे एक उपकेंद्र आहे. तेथल्या नर्सबाई सुदैवाने मुक्कामाला होत्या. मुलीचा काका गेला आणि त्यांना मागे बसवून घेऊन आला. त्यांच्या पेटीत प्राझोसिनच्या गोळ्या होत्या. बाळने वजन विचारले. आशाताईला ते शाळेच्या तपासणीतले पाठ होते. किती तुकडा द्यायचा, पुन्हा केव्हा द्यायचा, गोळी दिल्यावर पोरीला बसू-उठू द्यायचे नाही, नाडी अशी मोजायची, श्वास असा बघायचा, हे तो सांगत गेला आणि त्या दोघी करत गेल्या. मी कंदील धरला. त्यापलीकडे मला कुणी काही सांगितले नाही, आणि मी विचारलेही नाही.

ही गोळी मुळात रक्तदाबाची. ती विंचवावर चालते हे ज्ञान आमच्याच तालुक्यात जन्मले आहे, आणि त्याचा मला अभिमान आहे. १९७० च्या दशकात, हा जिल्हा अजून कुलाबा म्हणवत होता तेव्हा, बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर नावाचा तरुण डॉक्टर आला. लाल विंचू डसलेली माणसे, विशेषतः मुले, त्याच्या डोळ्यांदेखत मरत होती. शंभरांतली चाळीसपर्यंत दगावत असे सांगतात. पुस्तकांत ह्यावर काही धड उत्तर नव्हते. मग तो रोग्याच्या खाटेशी बसला. रात्र-रात्र बसला. घाम केव्हा येतो, नाडी केव्हा धावते, पाय केव्हा गार पडतात, फुफ्फुसात पाणी केव्हा भरते, हे त्याने टिपून ठेवले. ते ‘लॅन्सेट’ ह्या इंग्लंडातल्या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. पुढे प्राझोसिनचा उपाय त्याने शोधला आणि मरणारांचे प्रमाण शेकड्यामागे एकाच्या आसपास उतरले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्या रात्री पुण्याहून बाळने ‘पाय गार आहेत का?’ असे जे विचारले, तो प्रश्न मुळी बिरवाडीच्या खाटेशी बसून कुणी तरी मिळवलेला होता. तो पुण्याला गेला, पुस्तकात शिरला, आणि फोनमधून पुन्हा आमच्या ओटीवर आला. दुरून सांगता येते ह्याचे कारण आधी कुणी तरी जवळ बसलेले असते. दुरून सांगण्याच्या सोयीचे कौतुक करताना हे मला एवढ्यासाठी सांगावेसे वाटते की उद्या सगळेच दूर गेले, तर पुढच्या विंचवाचा प्रश्न कुणाला सुचणार?

रात्रभर दर अर्ध्या तासाने फोन वाजत राहिला. पहाटे पाय कोमट झाले. ह्या वेळी ते मी सांगितले नाही. उजाडता चौघांनी पोरीला पाळण्याच्या झोळीत घालून दरडीवरून पलीकडे नेले, तेथून गाडीने महाडला. मीही गेलो. दहाच्या सुमाराला रुग्णालयाच्या पायऱ्यांवर बसलो असताना समोर बाळची मोटार येऊन थांबली. अंगात रात्रीचाच सदरा, डोळे लाल. ताम्हिणीतून पावसात मोटार हाकत आला होता.

मला आनंद व्हायला हवा होता, मी चिडलो. “अरे, तू कशाला आलास? मुलगी बरी आहे. इथे डॉक्टर आहेत. तुझे काम झाले होते.”

तो काही बोलला नाही. आत गेला. तिथल्या डॉक्टरांना नमस्कार केला, पोरीच्या अंगावरची चादर पायथ्याकडून थोडी वर सरकवली आणि हाताचा मागचा भाग तिच्या पावलांना लावून उभा राहिला. पुष्कळ वेळ. पोर झोपली होती.

परतताना मोटारीत त्याने दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, “काका, पहिल्यांदा तुमचा फोन मी बघितला होता. उचलला नाही.” मी म्हटले, कामात असशील. तो म्हणाला, “नव्हतो. जेवत होतो. तुमचं नाव दिसलं आणि मला भीती वाटली.”

ही भीती कसली, हे बाहेरच्या माणसाला चटकन कळत नाही. मला वाटले, रोगी दगावण्याची. ती होतीच; पण तिला आणखी एक शेपूट होते. २०१८ साली मुंबई उच्च न्यायालयाने रत्नागिरीच्या एका प्रकरणात, बाळंतिणीला न तपासता फोनवरून औषध सांगितल्याच्या संदर्भात, डॉक्टरांना अटकपूर्व जामीन नाकारला. बाई दगावली होती. त्या खटल्याच्या गुणदोषांत मी शिरत नाही. ज्या घरातली बाई गेली त्या घराने न्याय मागायचा नाही तर काय करायचे? पण डॉक्टर मंडळींनी त्यातून एक धडा घेतला, की फोनवर तोंड उघडू नये. पुढे २५ मार्च २०२० रोजी, देशात टाळेबंदी सुरू झाली त्याच दिवशी, दूरस्थ सल्ल्याचे नियम निघाले. आणीबाणीच्या प्रसंगी, प्रत्यक्ष उपचार मिळण्याजोगा असेल तर दुरून सल्ला टाळावा. तसा तो नसेल तर प्रथमोपचार, जीव वाचवण्याचे उपाय आणि कुठे न्यावे हे सांगावे. आणि लवकरात लवकर प्रत्यक्ष डॉक्टरकडे जायला सांगावे, असा त्यांचा आशय आहे. नियम शहाणपणाचा आहे. परंतु रात्री साडेसातला, ताटावर बसलेल्या माणसाच्या मनात नियम नसतो, भीती असते. बाळ म्हणाला, “नुसतं ‘घेऊन या’ म्हटलं असतं, काका, तर माझ्यावर काहीच आलं नसतं.”

‘घेऊन या.’ ह्या दोन शब्दांत काही चूक काढता येत नाही. ते शहाणे आहेत, कायद्याला धरून आहेत, बहुतेक वेळा बरोबरही आहेत. फक्त, दरड पडलेली असते तेव्हा त्यांचा अर्थ ‘मरू द्या, पण माझ्याकडे बघू नका’ असा होतो, आणि म्हणणाऱ्याला तो ऐकू येत नाही. मी ह्यावरून डॉक्टरांना नावे ठेवणार नाही. चूक करणाऱ्याला शिक्षा आहे आणि गप्प बसणाऱ्याला नाही, अशी व्यवस्था असली की भली माणसेसुद्धा गप्प बसायला शिकतात. मीही तीस-चाळीस वेळा आयुष्यात गप्प बसलो आहे. माझ्या गप्प बसण्याने कुणी मेले नाही, एवढाच काय तो माझा मोठेपणा.

दुसरी गोष्ट त्याने सांगितली ती ऑस्ट्रेलियातली. मी ती नंतर मिळेल तिथून वाचली. १९१७ साल. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागात किम्बर्ली नावाचा विरळ वस्तीचा मुलूख आहे, त्यात हॉल्स क्रीक नावाचे चिमुकले गाव. जिमी डार्सी नावाचा तरुण गुराखी घोड्यावरून पडून आतून जबर जखमी झाला. सोबत्यांनी त्याला कसाबसा गावात आणला. डॉक्टर नव्हता. होता तो पोस्टमास्तर, टकेट नावाचा. त्याने कधी काळी प्रथमोपचाराचे धडे घेतले होते, आणि त्याच्यापाशी तारयंत्र होते. जवळपास कोणी डॉक्टर सापडेना, तेव्हा त्याने पर्थ शहराला तार लावली. हे अंतर सरळ रेषेत मोजले तरी दोन हजार किलोमीटरांच्या घरात जाते. ज्यांच्याकडे तो प्रथमोपचार शिकला होता ते डॉ. हॉलंड तिकडच्या टोकाला येऊन बसले. तारेच्या कडकट्ट भाषेत प्रश्न गेले, उत्तरे आली. निदान झाले: मूत्राशय फुटले आहे, ताबडतोब चिरले नाही तर माणूस जाणार. टकेटपाशी शस्त्रक्रियेची हत्यारे नव्हती. खिशातला चाकू, जंतुनाशक म्हणून परमँगनेटचे खडे, आणि समोर एकेक शब्दाने उतरणारी तार, एवढ्यावर त्या पोस्टमास्तराने आपल्या ओळखीच्या माणसाचे पोट उघडले.

मी पोस्टमास्तराचा विचार करतो तेव्हा मला घाम फुटतो. आणि मग हॉलंडचा विचार करतो. चाकू ह्याच्या हातात, ज्ञान त्याच्या डोक्यात. डार्सी टेबलावर मेला असता, तर तो कुणी मारला असता? वकील म्हणतील, जबाबदारी वाटून घ्या. इतके आणे ह्याची, इतके त्याची. कर्ज असे वाटता येते. पण मला वाटते, त्या खोलीत आणि त्या तारघरात दोघांनीही ती पुरी सोळा आणे उचललेली होती, आणि म्हणूनच ते काम होऊ शकले. आठ-आठ आण्यांवर पोट उघडायला कुणाचा हात उठत नाही.

पण बाळने मला ही गोष्ट सांगितली ती ह्याच्यासाठी नव्हे. शस्त्रक्रिया झाली. तारेने सांगायचे ते सांगून झाले. मग हॉलंड काय करतो? तो निघतो. गुरे वाहणाऱ्या बोटीने किनाऱ्याकिनाऱ्याने, मग मोटारीने, मग घोडागाडीने, आणि शेवटी मोटार-घोडे थकल्यावर पायी. सुमारे दहा दिवस. तो हॉल्स क्रीकला पोचला तेव्हा डार्सी आदल्याच दिवशी वारला होता. शस्त्रक्रिया बरोबर झाली होती. मलेरिया आणि आंत्रपुच्छात झालेला, कुणाच्या ध्यानात न आलेला गळू ह्यांनी तो गेला. तारेतून विचारायचे राहिले होते ते हे.

मी बाळला म्हटले, “म्हणजे जाऊन उपयोग काय झाला?”

तो म्हणाला, “ते त्याला निघताना कुठं माहीत होतं?”

आमच्या शेजारी एक वयोवृद्ध गृहस्थ राहतात. तलाठ्याच्या कचेरीत जन्म गेला, त्यामुळे सरकार म्हटले की त्यांची भिवई वर चढते. त्यांना मी ही हकिगत सांगितली तेव्हा ते म्हणाले, “गुरुजी, गोष्ट छान आहे. पण मला धाक वाटतो तो निराळाच. आधी म्हणाले डॉक्टर देऊ. मग म्हणाले नर्स देऊ. आता म्हणतात आवाज देऊ. आणि आवाज दिला की माणूस द्यायला नको, हे एकदा त्यांच्या ध्यानात आलं, की संपलं.”

ह्या आक्षेपाला माझ्यापाशी सोपे उत्तर नाही. स्वस्त गोष्ट महाग गोष्टीला हुसकून लावते, हे आपण पुष्कळ ठिकाणी पाहतो. मात्र ऑस्ट्रेलियात काय झाले ते पाहण्याजोगे आहे. डार्सीची हकिगत त्या देशभर वर्तमानपत्रांतून गाजली. त्यावरून लोकांनी असे म्हटले नाही की पाहा, तारेवर शस्त्रक्रिया होते, आता आणखी तारा टाका म्हणजे झाले. जॉन फ्लिन नावाचा एक पाद्री वर्षानुवर्षे ह्या एकाकी मुलखाच्या पाठी लागला होता. त्याच्या खटपटीने १९२८ च्या मे महिन्यात क्वीन्सलंडमधल्या क्लोनकरी गावाहून डॉक्टरला घेऊन पहिले विमान उडाले. आणि लगेच दुसऱ्या वर्षी ट्रेगर नावाच्या कारागिराने शिवणयंत्रासारखा पायांनी चालवायचा रेडिओ तयार केला, कारण विमान बोलवायचे तर आधी हाक पोचायला हवी. पुढे लांबलांबच्या वस्त्यांवर औषधांच्या पेट्या ठेवल्या गेल्या. पेटीतल्या दर औषधाला आकडा. रेडिओवरून डॉक्टर सांगणार, अमुक आकड्याचे द्या. तेथे आवाज आणि विमान एकाच घरात वाढले. आवाज एकटा असता तर आमच्या शेजाऱ्यांचा धाक खरा ठरला असता. मी त्यांना हे सांगितले. ते म्हणाले, “विमान राहू द्या. दरडीच्या वळणावर एक भिंत बांधा म्हणावं.” तीन पावसाळे झाले. भिंत झालेली नाही.

दुरून सांगणाऱ्यांची आपल्याकडे एक जुनी जोडी आहे. एक संजय. लोकांच्या मनातला संजय हस्तिनापुरात बसून कुरुक्षेत्र पाहतो. त्याला सगळे दिसते, कुणाचा बाण कुठे लागला हेही तो सांगतो, आणि त्याच्या सांगण्याने रणावरचा एकही बाण इकडचा तिकडे होत नाही. दुसरा कृष्ण. त्यानेही शस्त्र हाती धरायचे नाही असे ठरवलेले. म्हणजे तोही सांगणाराच. पण तो रथावर बसतो. ज्याला सांगतो त्याच्यावर येणारे बाण त्याच्याही अंगावर येतात. शाळेत असताना मी मुलांना विचारत असे, की दोघेही लढत नाहीत, मग एकाला आपण देव का म्हणतो? मुले नाना उत्तरे देत. मला त्या काळी पुस्तकातले उत्तर ठाऊक होते.

हे लिहितो आहे ते गेल्या दिवाळीची आठवण ताजी आहे म्हणून. बाळ बायकामुलांना घेऊन गावी आला होता. नरकचतुर्दशीचे अभ्यंगस्नान झालेले, अंगाला उटण्याचा वास, ओटीवर पाट मांडून सगळे फराळाला बसलेलो. ती पोर आता बारा वर्षांची झाली आहे. तीही आईने दिलेले चकल्यांचे ताट घेऊन आली आणि आमच्या सुनेजवळ टेकली. एवढ्यात बाळचा फोन वाजला. रायगडच्या पायथ्याकडच्या कुठल्याशा वाडीवरून होता. आमच्या गावातल्या कुणाच्या तरी सोयऱ्याने नंबर दिला असावा. बाळने नाव पाहिले, ते ओळखीचे नव्हते. सून त्याच्याकडे पाहत होती. मीही पाहत होतो. त्याने पहिल्याच खेपेला फोन उचलला आणि खुर्चीपाशी जाऊन उभा राहिला.

“किती वेळ झाला? … पाय गार आहेत का? … तुम्ही स्वतः हात लावून बघितलात, की कुणी सांगितलं? … नाही, तुम्ही नको. तिथं आशाताई असतील, त्यांना द्या. … येतायत? मग थांबतो. नाही, नाही, ठेवू नका. मी आहे.”

त्याचा चहा कठड्यावर तसाच होता. पोरीने तो उचलून आत नेला आणि पुन्हा गरम करायला चुलीवर ठेवला.